पेंटरमामाला गेटवे दाखवायला नेलं

गेटवे ऑफ इंडिया पाहायला जायचं तर लोक आधी हवामान पाहतात, हॉटेल पाहतात. आम्ही आधी धान पाहिला. कोंढ्याला शालिकमामाच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, लवकर येणारा हलका धान पिवळा पडायला लागला होता आणि मामीने फोनवरच सांगून टाकलं, "जा खुशाल, पन कापनीच्या आंदी वापस या. धान कोनाची वाट नाही पाहत." तू पण चल म्हटलं तर म्हणाली, "दोघंही गेलो तं गाय कोन पाहीन? तू पाहतं का?" मी भंडाऱ्यात नोकरी करते, सुट्टी मिळाली की एसटीने नाहीतर रेल्वेने कुठेतरी जाते आणि परत येऊन इथे लिहिते. गाय सांभाळायचा मला काही अनुभव नाही. त्यामुळे मी आणि मामा, असं दोघांचंच ठरलं.

आता मामा कोण, हे सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडारीचे नाच, रात्री नाटक. त्या नाटकांचे पडदे रंगवायचे, हे शालिकमामाचं आयुष्यभराचं काम. महाल, जंगल, झोपडी आणि मुंबई. मुंबईचा पडदा लागतोच, कारण आमच्याकडच्या नाटकात कोणी ना कोणी मुंबईला जातंच. मुंबई म्हणजे गेटवे. मामाने तो एका जुन्या कॅलेंडरवरून काढला होता, चाळीसेक वर्षांपूर्वी, आणि मग त्याचाच कित्ता गिरवत पवनीपासून आंधळगावपर्यंत कितीतरी गावांना मुंबई पुरवली. कमानीच्या मधोमध पडद्याला उभी फाट ठेवलेली असे. ती बाजूला सारून हिरो मुंबईतून बाहेर येणार आणि पब्लिक शिट्ट्या मारणार.

पण मामाने स्वतः गेटवे पाहिलेला नव्हता. मुंबईला गेला होता, डिसेंबरात, गावच्या लोकांबरोबर चैत्यभूमीला. दादरला उतरला, दर्शन घेतलं, दादरलाच गाडीत बसला. "सगळे वापस निंगाले, मी एकटा कुठं गेटवे हुडकू?" असं तो सांगायचा.

मधल्या काळात फ्लेक्स आले. मामाचे ब्रश मागच्या खोलीत गेले. डोळ्यात मोतीबिंदूही उतरला होता, तेव्हा त्यालाही ते बरंच वाटलं असावं. यंदा उन्हाळ्यात ऑपरेशन झालं आणि पट्टी काढल्यावर मामाने पहिलं वाक्य काय उच्चारावं? "बाई, निळा असा असते काय?" त्याचं म्हणणं पडलं की इतकी वर्षं आपण सगळं पिवळट काढत होतो. मग एक शेवटचा पडदा काढायची हुक्की आली, आणि तोही मुंबईचा. "पन या खेपी पाहून काढीन. कॅलेंडरवरून नाही."

गावच्या मंडई मंडळाचा सचिव प्रफुल्ल मेडिकलचं दुकान चालवतो. त्याला मामाचा मान ठेवायचा होता आणि मंडईही निभवायची होती. त्याने साफ सांगितलं, "मामा, मुंबईवरून या, अन् त्याच दिवशी हो का नाही सांगा. तुमाले नाही जमलं तं मले फ्लेक्सवाल्याले सांगा लागते." म्हणजे आमच्या सहलीच्या शेवटी एक हो किंवा नाही होतं. मामाचा पडदा पुन्हा स्टेजवर चढणार की नाही, ते त्यावर होतं.

ज्यांना असं जायचं असेल त्यांच्यासाठी: भंडाऱ्याहून मुंबईला थेट जायचं तर वरठीला जायचं, म्हणजे भंडारा रोड स्टेशनला. गावातून ऑटो मिळतात. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस दुपारी तिथे येते आणि सकाळी मुंबईत सोडते. गोंदिया आमच्याच जिल्ह्यात होतं तेव्हाची माणसं अजून "आपली गाडी" म्हणतात. जिल्हा तुटला, गाडीवरचा हक्क काही सुटला नाही. संध्याकाळी तीच गाडी मुंबईहून परत निघते, त्यामुळे मुंबईत मुक्काम न करताही अख्खा दिवस मिळतो. तिकिटं मात्र दसऱ्याच्या आधीच काढा. दिवाळी जवळ आली की वेटिंगशिवाय काही हाती लागत नाही.

वरठीच्या फलाटावर मामा वाकून माझ्या पाया पडला. शेजारी एक जोडपं बसलं होतं, मुंबईकडचं असावं. बाईंना राहवलं नाही.

"अहो, ते तुमच्या पाया का पडले?"

"मामा आहे माझा. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो."

"एवढे मोठे असून?"

"कितीही मोठा असला तरी. भाचीचा शब्दही मोडत नाही."

नवरा हसत म्हणाला, "बरंय की! मग तुम्ही आशीर्वाद काय देता?"

"मोबाइल चार्ज केलास का विचारते," मी म्हटलं. मामाने केला नव्हता.

मामीने लाखोळीच्या डाळीचे वडे आणि जवसाची चटणी दिली होती. वर्धा येईपर्यंत डबा रिकामा झाला, कारण मामाने समोरच्या सगळ्यांना वाटला. रात्री वरच्या बर्थवर मला झोप लागली. मामाला लागली की नाही, विचारलं नाही.

सकाळी मुंबईला उतरलो. स्टेशनवर पैसे देऊन अंघोळीची सोय होते, सामान ठेवायची खोलीही आहे. दोन्हींचा लाभ घ्या, खांद्यावर ओझं घेऊन मुंबई पाहू नका. बाहेरून गेटवेकडे बस जाते, टॅक्सीही परवडते, पण आम्ही चालत निघालो. मामाला इमारती पाहायच्या होत्या. प्रत्येक खिडकीखाली थांबायचा. "हे पाय, दगडी फूल. मी असं काढलं असतं तं लोक म्हनले असते, पेंटर पिऊन हाये." वाटेत वडापाव खाल्ला. मामाच्या मते पाव बरा होता, वड्यात जीव नव्हता.

गेटवेला तिकीट नाही. बॅग तपासतात, रांग असते, सकाळी गेलात तर लवकर आत सोडतात. कठड्याच्या आत शिरलो आणि तो समोरच उभा. खरं सांगायचं तर मला विशेष काही झालं नाही. इतक्या फोटोंत पाहिलेली वस्तू पुन्हा पाहिली की जेवढं होतं तेवढंच झालं. मामा मात्र एकदम ओरडला.

"हा तं पिवळा हाये!"

"मग तू कसला काढला होता?"

"लाल. गेरूचा लाल. कॅलेंडरवर तसाच होता ना." मग जरा वेळाने, डोळे बारीक करून, "हळदीचे हात धुतल्यावर कसे राह्यते, तसा हाये. जमन मले. हे जमन."

मामा खुशीत होता. मनोरे मोजले, जाळ्या पाहिल्या, दगडाच्या रेघा बोटाने हवेत काढल्या. तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला आला. "काका, फोटो? लगेच प्रिंट."

मामाने त्याला भलतंच विचारलं. "भाऊ, याच्यामंधून रस्ता कुठं जाते?"

"कुठला रस्ता?"

"या कमानीतून. पल्याड."

"पलीकडे समुद्र आहे, काका! रस्ता कुठला? तिथून पुढे डायरेक्ट बोट." आणि तो दुसऱ्या कुटुंबाकडे निघून गेला.

कमानीतून खरंच नुसतं पाणी दिसत होतं. करड्या-निळ्या पाण्यावर दोन बोटी, बस्स. मला ते माहीतच होतं, तुम्हालाही माहीत असेल. पण मामाला कोण सांगणार? पडद्यावरचा गेटवे मी लहानपणापासून पाहत आले. त्या कमानीतून काळाभोर डांबरी रस्ता आत गेलेला, दोन्हीकडे विजेचे खांब, पार टोकाला एक मोटार. माझ्याही कधी डोक्यात आलं नाही की हे चुकलंय. कॅलेंडरमधल्या कमानीत छपाई उडाली होती, नुसतं पांढरं होतं. हिरो तर तिथूनच यायला पाहिजे. आणि मामाने आयुष्यात पाहिलेला मोठा दरवाजा म्हणजे पवनीच्या किल्ल्याचा, ज्याच्यातून रस्ता जातो, सायकली जातात, बैलबंड्या जातात. दरवाजा म्हटला की त्यातून रस्ता जाणारच, असा साधा हिशेब त्याने केला होता.

मामा कठड्याजवळ जाऊन खाली बसला. कबुतरं आली, त्यांनाही हाकललं नाही.

"समुद्रावर डांबर टाकला मी, बाई," तो म्हणाला.

मी हसले. हसायला नको होतं, पण वाक्यच तसं होतं. मामा हसला नाही.

"किती गावायले दाखवलं म्या हे. किती पोट्टे मुंबईले आले असतीन, इथं उभे राह्यले असतीन. मनात म्हनले असतीन, पेंटरले काही समजत नाही. एकानंही मले येऊन नाही सांगितलं. काहून नाही सांगितलं?"

"अरे, कोणाच्या लक्षात राहतं एवढं?"

"लक्षात राह्यते. तेवढाच तं सीन राह्यते लोकायच्या लक्षात." मग म्हणाला, "प्रफुल्लले फोन कर. फ्लेक्स करून घे म्हना."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. एवढ्या लांबून मी त्याला हौसेने आणलं होतं, आणि त्याच्याकडे होतं तेवढं काढून घेतलं, असं वाटायला लागलं. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत वेळ दिलाय त्याने, संध्याकाळी करू." मामा म्हणाला, "मंग स्टेशनवर जाऊन बसू."

गाडी संध्याकाळची. दिवसभर स्टेशनवर बसायला मी काही एवढा खटाटोप केला नव्हता. मी म्हटलं, "मामा, मला बोटीत बसायचंय."

"तू बस. मी इथं थांबतो."

"मी भाची आहे तुझी. सोबत चल म्हणतेय."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग बापडा उठला. म्हणाला, "हे बरोबर नाही करून राह्यली तू," पण उठला.

बोटींबद्दल: एलिफंटाला जायचं तर अर्धा दिवस मोडतो आणि सोमवारी तिथली लेणी बंद असतात. वेळ कमी असेल तर नुसती समुद्रात फिरवून आणणारी बोटही असते. तिकीट गेटवेजवळच मिळतं. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे बोटीत चढल्यावर मागतात, ते द्या, खाली डिझेलच्या वासाने जीव नको होतो. पायऱ्या ओल्या असतात, सांभाळून उतरा. पावसाळ्यात बोटी बंद असतात.

वरच्या मजल्यावर सगळे समुद्राकडे तोंड करून बसले. जहाजं दाखवत होते, सेल्फी काढत होते. मामा रुसलेला, तो त्यांच्याकडे पाठ करून बसला, म्हणजे त्याचं तोंड आपोआप गेटवेकडे झालं. बोट मागे मागे सरत निघाली. मी चहा शोधत होते. मिळाला नाही.

"बाई."

"काय रे?"

"बाई, इकडं ये. इकडं पाय."

मामा उभा राहिला होता. बोट चांगलीच हलत होती, पण वैनगंगेच्या डोंग्यात उभा राहणारा माणूस, त्याला काय त्याचं! त्याने हाताने दाखवलं. गेटवे आता जरा लांब गेला होता, पाण्यात उतरलेल्या पायऱ्यांच्या वर अख्खा दिसत होता. आणि कमानीतून पलीकडचं दिसत होतं: चौक, झाडं, माणसांची गर्दी, आणि झाडांच्या मागून डावीकडून उजवीकडे जाणारी एक लाल बस.

"रस्ता," मामा म्हणाला.

मी फोटोसाठी फोन काढला.

"रस्ता हाये ना, बाई! हा पाय, कमानीतून सिधा दिसते. मी तं बरोबर काढलं होतं. इकडून पाह्यलं तं बरोबर हाये!" आणि मग तो जो हसायला लागला! शेजारच्या गुजराती आजी दचकल्या. "हिरो मुंबईतून बाहेर येऊन राह्यला, बरोबर? मंग पब्लिक कुठं हाये? पब्लिक इथं हाये. पान्यात! सगळं कोंढा गाव पान्यात बसलं होतं, अन् मले मालूम नाही!"

बोट वळली तसा मामाही वळत गेला, कमान नजरेआड होऊ द्यायची नाही म्हणून. परतीच्या वेळीही त्याची नजर तिथेच होती. डोळ्याने मापं घेत होता, ते मला कळत होतं. पायऱ्या किती दिसतात, पाण्याची रेघ कुठे येते, पाणी कुठे निळं आणि कुठे मातकट. उतरल्याबरोबर माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः प्रफुल्लला लावला.

"फ्लेक्स देऊ नको. मी करतो... हौ, करतो म्हनलं ना. अन् मांजरपाट मागवून ठेव. आंदीच्यापेक्षा खालून हातभर जास्ती लागन... कायले म्हंजे? पानी काढाचं हाये."

दुपारी फोर्टातल्या एका उडप्याकडे राइसप्लेट घेतली. मामाने भात बोटांनी उलगडून पाहिला, "मोकळा हाये, पन वास नाही," असं म्हणून सगळा संपवला आणि आणखी मागितला. संध्याकाळी गाडीत बसलो. यावेळी मामा घोरला.

दुसऱ्या दिवशी वरठी, तिथून भंडारा. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीच्या बसने मामा कोंढ्याला गेला आणि मी माझ्या कामाला लागले. मधल्या बातम्या मामीच्या फोनवरून मिळत होत्या. धान कापला. आंगणात पडदा ताणला. रंगात घालायचा सरस शिजवला, घरभर घाण वास. निळा रंग गायीच्या पाठीला लागला. "हे मानूस जेवत नाही, झोपत नाही, नुसतं पानी काढून राह्यलं. इतलं पानी तं तलावात नाही," मामी म्हणाली. आवाजात तक्रार होती, पण फार नव्हती.

मंडईच्या दिवशी मी कोंढ्याला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उकडलेले शिंगाडे, जिलबी, बांगड्या, फुगे. दंडार संपत आली होती. स्टेजवर दुपारीच पडदे बांधायचं काम चाललं होतं आणि नाटक कंपनीचा मॅनेजर कमरेवर हात ठेवून मामाशी हुज्जत घालत होता.

"पेंटर, हिरो कसा येईन? पान्यावरून चालन काय?"

"हिरो कमानीतून येईन. मागं रस्ता हाये, दिसत नाही? येईन अन् पायरीवर उभा राहीन."

"अन् पानी?"

"पानी पब्लिककडं."

मॅनेजरने फाट बाजूला सारून पाहिली, दोनदा आत-बाहेर करून पाहिलं. "मंग ठीक हाये," म्हणून तो दुसऱ्या कामाला गेला.

पडदा पूर्ण खाली सोडला. मला कलेतलं काही समजत नाही, पण जेवढं पाहिलं ते सांगते. गेटवे हळदीच्या धुतल्या रंगाचा होता. कमानीत तोच जुना डांबरी रस्ता, तेच खांब, फक्त मोटारीच्या जागी लाल बस. आणि खाली, आधी जिथे नुसती गेरूची पट्टी असायची, तिथे ओल्या पायऱ्या आणि निळं पाणी. ते पडद्याच्या कडेला संपत नव्हतं. स्टेजच्या फळ्यांवरून पुढे येईल, पब्लिकसाठी अंथरलेल्या ताडपत्रीवर सांडेल, असं वाटत होतं.

मुंबईच्या त्या दिवसाचं माझ्याकडे काय राहिलं? फोनमध्ये पुष्कळ फोटो आहेत आणि बहुतेकांत मामाची पाठ आहे. गेटवे एकदा पाहावा. नाही पाहिला तरी फार काही बिघडत नाही. मात्र गेलात तर समोरून पाहून परत फिरू नका. बोटीत बसा आणि मागे वळून पाहा. एवढाच माझा सल्ला.

मामा नेहमी स्टेजच्या मागे असायचा, दोर सांभाळत. त्या दुपारी तो पहिल्यांदाच समोर आला आणि रिकाम्या ताडपत्रीवर, पब्लिकच्या जागी, मांडी घालून बसला. मी शेजारी बसले. डोक्यावर पदर घेत, हातात शिंगाड्यांचा पुडा घेऊन मामी आली. बराच वेळ ती पडद्याकडे पाहत उभी राहिली.

"आंदीचा सीन तं बरा होता," ती म्हणाली. "इतलं पानी कायले काढलं?"

"पानी आंदीपासूनच होतं," मामा म्हणाला. "आपुन त्याच्यातच बसून होतो, मालूम नव्हतं. बस."

मामीने लुगडं घोट्याच्या वर उचलून धरलं आणि बसली.